पंगत एकच राहू द्या: अँग्लिकन मंडळ्यांच्या धुरीणांना इंदूरहून खुले पत्र

प्रति,
अँग्लिकन सल्लागार परिषदेचे सदस्य,
सर्व प्रांतांचे प्रमुख बिशप व मॉडरेटर,
आणि गॅफकॉनमध्ये एकत्र आलेले प्रमुख बिशप यांस

प्रभूच्या नावाने सलाम.

चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या जगभरच्या मंडळ्यांचा परिवार म्हणजे अँग्लिकन कम्युनियन. बेलफास्टला 2026 साली भरणाऱ्या त्याच्या सल्लागार परिषदेपुढे त्याची व्याख्या बदलण्याचा प्रस्ताव आहे. त्या व्याख्येतल्या ‘सहभागिता’ या एका शब्दासाठी, म्हणजे एकमेकांचा बाप्तिस्मा मानून एका मेजावर प्रभुभोजन घेण्याच्या नात्यासाठी, हे पत्र लिहीत आहोत.

1930 च्या लॅम्बेथ परिषदेने, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या परिषदेने, 49 व्या ठरावात अँग्लिकन कम्युनियन म्हणजे काय ते सांगितले. कँटरबरीच्या आसनाशी (चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रमुख आर्चबिशपांच्या पीठाशी) ज्यांची सहभागिता आहे अशा धर्मप्रांतांचा (एका बिशपच्या अधिकारातला भाग), प्रांतांचा (अनेक धर्मप्रांतांची मिळून स्वायत्त मंडळी) आणि प्रादेशिक मंडळ्यांचा तो परिवार. सामान्य प्रार्थनेच्या पुस्तकात मांडलेली श्रद्धा आणि व्यवस्था तो जपतो. केंद्रीय कायदेमंडळ त्याला नाही. परस्परनिष्ठा आणि बिशपांचा एकत्र विचारविनिमय यांनी तो बांधलेला आहे. डिसेंबर 2024 मध्ये ऐक्य, श्रद्धा व व्यवस्था या विषयांवरच्या तुमच्या स्थायी आयोगाने नैरोबी-कैरो प्रस्ताव प्रसिद्ध केले. त्या मसुद्यात कँटरबरीशी ‘सहभागिता’ नाही, ‘ऐतिहासिक संबंध’ आहे. मंडळ्यांनी एकमेकींशी जमेल तितक्या वरच्या पायरीची सहभागिता जोपासावी, असे पुढे म्हटले आहे.

दुसरीकडे 16 ऑक्टोबर 2025 रोजी, कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मलाली यांचे नाव जाहीर होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तोच गॅफकॉनने, म्हणजे पारंपरिक मतांच्या अँग्लिकनांच्या संघटनेने, आपणच खरे जागतिक अँग्लिकन कम्युनियन असल्याचे घोषित केले. कँटरबरीने बोलावलेल्या बैठकांना जायचे नाही, सल्लागार परिषदेला पैसे द्यायचे नाहीत आणि तिच्याकडून घ्यायचेही नाहीत, ज्या प्रांतांच्या घटनेत कँटरबरीशी सहभागितेचा उल्लेख आहे त्यांनी तो काढून टाकावा, असे त्यात सांगितले.

एकाने गाठ सैल करायचे ठरवले, दुसऱ्याने कापायचे. वेगवेगळ्या परंपरा एकत्र येऊन झालेल्या ज्या संयुक्त मंडळ्यांच्या घडणीतच ही गाठ विणलेली आहे, त्यांचे काय होणार याचे पुरेसे उत्तर आम्हाला दोन्ही मजकुरांत सापडले नाही.

आम्ही इंदूरचे मराठी बोलणारे ख्रिस्ती, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, म्हणजे सीएनआयचे सभासद. इंदूरकर ज्याला व्हाइट चर्च म्हणतात ते सेंट अ‍ॅन्स रेसिडेन्सीच्या काळातले, अँग्लिकन परंपरेचे. पण माळव्यातल्या कितीतरी मंडळ्यांचे मूळ 1877 साली इथे आलेल्या कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनमध्ये आहे. 1887 मध्ये सुरू झालेले इंदूर ख्रिश्चन कॉलेज त्याच मिशनचे. मराठी ख्रिस्ती समाजाचे मूळ शोधत गेलो तर एक वाट नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीच्या अँग्लिकन परंपरेकडे जाते, दुसरी अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या काँग्रिगेशनल परंपरेकडे. या सगळ्या वाटा 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात एकत्र आल्या. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया (प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल), ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट अशा सहा मंडळ्यांची मिळून सीएनआय झाली.

आता ‘ऐतिहासिक संबंध’ हा शब्द आमच्या बाकांवर ठेवून पाहा. प्रेस्बिटेरियन घरातून आलेल्याचा कँटरबरीशी ऐतिहासिक संबंध कोणता? बाप्टिस्टांचा कोणता? त्यांच्या पूर्वजांचा इतिहास तर कँटरबरीपासून वेगळे होण्याचा आहे. 1970 नंतर ते कँटरबरीशी जोडले गेले ते इतिहासाने नव्हे, सहभागितेने: एकच मतांगिकार, म्हणजे श्रद्धेचे सूत्र, उच्चारून, एकमेकांचा बाप्तिस्मा मानून, एका प्याल्यातून घेऊन. तो शब्द काढून इतिहास ठेवलात तर संयुक्त मंडळीतला अँग्लिकन मुळाचा सभासद आत राहतो आणि त्याच्याच शेजारी बसलेला दुसरा दारात उभा राहतो. असे कोणाच्या मनात नव्हते हे आम्ही जाणतो. पण व्याख्या मनात काय होते त्यावर चालत नाही, लिहिलेल्या शब्दांवर चालते.

कँटरबरीशी नाते म्हणजे वसाहतीचा अवशेष, असे काही जण म्हणतात. भारतापुरते तरी ते खरे नाही. 1930 च्या 1 मार्चपासून भारतातली अँग्लिकन मंडळी कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडपासून स्वतंत्र झाली. त्याच वर्षी लॅम्बेथचा 49 वा ठराव झाला. म्हणजे कायद्याचे बंधन सुटल्यावर जे उरले ते सहभागितेचे नाते होते, आणि ते स्वतंत्र मंडळीने आपणहून ठेवले. 1970 मध्ये सहा मंडळ्यांनी मिळून ते पुन्हा ठेवले. त्याला अवशेष म्हणणे हा त्या निर्णयाचा अपमान आहे.

कम्युनियन या शब्दाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. तुमच्या कागदांत ते एका संघटनेचे नाव झाले आहे. आमच्याकडे तो पंगतीचा शब्द आहे. कोण कोणाच्या शेजारी बसून जेवतो, कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाचे पान अंगणात मांडतात, यावर या देशात माणसाची किंमत ठरत आली. पंक्तिभेद हा आपल्याकडचा जुना आजार. प्रभुभोजनाच्या मेजाशी तो मोडला, म्हणून ते मेज आमच्या आजोबा-पणजोबांना एवढे मोलाचे वाटले. त्यामुळे ‘जमेल तितक्या वरच्या पायरीची सहभागिता’ हे वाक्य तुम्हाला नरमाईचे वाटत असेल, आम्हाला ते ‘जमेल तितकी पंगत’ असे ऐकू येते. 2007 मध्ये दार-ए-सलामच्या बैठकीत समलिंगी नात्यांच्या वादावरून सात प्रांतप्रमुखांनी अमेरिकेच्या प्रमुख बिशपांसोबत प्रभुभोजन घेतले नाही. त्यांच्या सद्सद्विवेकाबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. पण मेजापासून दूर राहणे हे निषेधाचे पहिले हत्यार होऊ लागले तर पुढे बोलायला जागा कुठे उरते?

व्यवहारात सहभागिता तीन ठिकाणी तपासली जाते. पहिली बाप्तिस्म्याशी: एका मंडळीतला बाप्तिस्मा दुसरीत पुन्हा दिला जात नाही. दुसरी मेजाशी: सभासद परगावी गेला तर बदलीपत्र घेऊन जातो आणि त्याच रविवारी भाकर व प्याला घेऊ शकतो. तिसरी पाळकपदाच्या दीक्षेशी: एका बिशपने दीक्षा दिलेला पाळक दुसऱ्या धर्मप्रांतात बिशपांच्या परवानगीने प्रभुभोजनाचा विधी चालवू शकतो. फूट पडते तेव्हा ती या क्रमाने उलटी उतरते. आधी दीक्षा नाकारली जाते, मग त्या पाळकाने चालवलेले प्रभुभोजन संशयित होते, मग त्या बिशपांनी केलेले दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी विश्वास कबूल करण्याचा विधी), आणि शेवटी कुटुंबाचे बदलीपत्र. पहिल्या पायरीवरचा वाद बिशपांचा असतो. शेवटची पायरी नोकरीसाठी इंदूरहून टोरांटोला किंवा नैरोबीला गेलेल्या माणसाला भोगावी लागते. म्हणून ‘पायऱ्या’ असे मोघम लिहून भागणार नाही. कोणती पायरी कधी, कोणाच्या निर्णयाने तुटते आणि पुन्हा कशी जोडायची, ते लिहा.

हे कसे करावे याचे उदाहरण खूप जुने आहे. 2025 मध्ये नायसीयाच्या परिषदेला 1700 वर्षे झाली आणि सगळीकडे मतांगिकाराची आठवण निघाली. त्या परिषदेने मतांगिकारासोबत नियमही केले होते. त्यांची आठवण फारशी कोणी काढली नाही. आठवा नियम फुटून गेलेल्या एका गटाच्या धर्मगुरूंना परत कसे घ्यावे याबद्दल आहे. त्यांनी मान्य करायच्या गोष्टी लेखी द्याव्यात, त्यांच्यावर हात ठेवले जावेत आणि त्यांनी आपल्या सेवापदावर राहावे. त्यांचा बिशप ज्या शहरात येईल तिथे आधीचा बिशप असेल तर आधीच्याचा मान कायम; आलेल्याला दुसरी सन्मानाची जागा द्यावी, म्हणजे एका शहरात दोन बिशप होणार नाहीत. 325 सालच्या या एका नियमात तीन गोष्टी आहेत: लेखी कबुली, हात ठेवून प्रार्थना, आणि एका शहरात एक बिशप.

नागपुरात 1970 मध्ये जवळपास हेच झाले, आणि ते का झाले हे समजून घेण्यासारखे आहे. 27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाली तेव्हा बिशपकडून दीक्षा न मिळालेल्या पाळकांना तसेच सामावून घेतले आणि पुढची दीक्षा बिशपांच्याच हस्ते होईल असे ठरवले. त्या तडजोडीमुळे जे अँग्लिकन धर्मप्रांत ऐक्यात गेले ते अँग्लिकन परिवाराच्या पूर्ण सहभागितेबाहेर पडले. ऐक्य केले म्हणून पंगतीबाहेर! ती जखम भरायला दशके गेली. उत्तरेच्या वाटाघाटी 1929 साली लखनौला सुरू झाल्या होत्या. दक्षिणेचा अनुभव समोर होता, म्हणून उत्तरेने दुसरी वाट धरली. ऐक्याच्या दिवशीच सर्व परंपरांच्या पाळकांनी परस्परांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. या विस्तारलेल्या सेवेसाठी ज्याला जी कृपा, जो अधिकार हवा असेल तो देवाने त्याला द्यावा, अशी ती प्रार्थना. कोणाची आधीची दीक्षा खरी आणि कोणाची अपुरी हा प्रश्न सोडवला नाही. तो देवावर सोपवला आणि पुढच्या दिवसापासून सगळ्यांची सेवा एक झाली.

बाप्तिस्म्याचा प्रश्न त्याहून अवघड होता. बाप्टिस्ट आणि ब्रदरन परंपरेला लहान मुलांचा बाप्तिस्मा मान्य नाही. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन घरांत तो पिढ्यान्‌पिढ्यांचा. सीएनआयच्या घटनेत दोन्ही पद्धती पर्यायी म्हणून मान्य आहेत. आईबाप मुलाचा बाप्तिस्मा करतात आणि तो मोठा झाल्यावर दृढीकरण होते. किंवा मुलाचे समर्पण करतात आणि तो स्वतः विश्वास कबूल करून बाप्तिस्मा घेतो. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या कोणाला मोठेपणी पुन्हा हवासा वाटला तर तो पाळकाने परस्पर द्यायचा नाही; प्रश्न बिशपांकडे मार्गदर्शनासाठी जातो. या शेवटच्या कलमानेच मंडळी एक राहिली. ते नसते तर दुसऱ्या बाप्तिस्म्याच्या प्रत्येक विधीगणिक पहिला बाप्तिस्मा खोटा ठरत गेला असता.

म्हणजे आम्ही मतभेद घेऊन एका छपराखाली राहतो. तत्त्व सोडून नव्हे. मतांगिकार दोन, प्रेषितांचा आणि नायसीयाचा; पवित्र शास्त्र हे श्रद्धेचे अंतिम माप; बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन संस्कार; आणि ऐतिहासिक बिशपपद, स्थानिक गरजेप्रमाणे चालवलेले. हीच 1888 च्या लॅम्बेथ परिषदेने ऐक्यासाठी ठेवलेली चार कलमे. ज्या चार कलमांवर तुम्ही जगाला ऐक्याचे आमंत्रण दिले, त्यांवर विसंबून आमची मंडळी उभी राहिली.

म्हणून गॅफकॉनच्या बिशपांना आमचे काही स्पष्ट सांगणे आहे. तुमचे 2008 चे जेरुसलेम निवेदन 14 कलमांचे आहे. त्यातल्या बहुतेक ओळी वाचताना आमचे काही अडत नाही. अडते ते चौथ्या कलमाशी. चर्च ऑफ इंग्लंडच्या 39 कलमांत मंडळीचे खरे तत्त्व आहे आणि ती आजच्या अँग्लिकनांसाठी अधिकृत आहेत, असे ते म्हणते. 16 व्या शतकातल्या त्या 39 पैकी 27 वे सांगते की लहान मुलांचा बाप्तिस्मा मंडळीत राखलाच पाहिजे, कारण ख्रिस्ताने घालून दिलेल्या विधीशी तोच सर्वांत जुळणारा आहे. 37 वे इंग्लंडच्या राजसत्तेच्या अधिकाराबद्दल आहे. सीएनआयने हे निवेदन स्वीकारले तर बाप्टिस्ट आणि ब्रदरन परंपरेच्या सभासदांना 1970 मध्ये दिलेला शब्द मोडावा लागेल. ऐक्यासाठी 41 वर्षे चाललेल्या बोलण्यात 39 कलमे ऐक्याची अट म्हणून ठेवली नव्हती, कारण ठेवली असती तर ऐक्यच झाले नसते. तेव्हा निवेदनावर ‘एका सहीने प्रवेश’ ही तुमची वाट आमच्यासाठी खुली नाही, आणि ती न धरल्याने आमचा विश्वास ढिला ठरत नाही.

विवाहाबद्दल, म्हणजे ज्या वादावरून ही फूट वाढली त्याबद्दल, आमच्या मंडळीची शिकवण पारंपरिकच आहे: एक पुरुष, एक स्त्री, आयुष्यभर. ती बदला असे आम्ही म्हणत नाही. 1998 च्या लॅम्बेथचा पहिल्या विभागातला याविषयीचा दहावा ठराव 526 विरुद्ध 70 मतांनी झाला, 45 जण तटस्थ राहिले. त्या ठरावाला दोन बाजू होत्या. विवाहाची शिकवण ही एक. समलिंगी व्यक्तींचे अनुभव ऐकून घेण्याची आणि त्यांच्याविषयीच्या भीतीचा निषेध करण्याची बांधिलकी ही दुसरी. कोणी पहिली बाजू सोडली, कोणी दुसरीचा उच्चारही केला नाही. 2004 च्या विंडसर अहवालानंतर, म्हणजे या वादावर नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर, तीन गोष्टी थांबवण्याची विनंती झाली: समलिंगी नात्यात राहणाऱ्यांना बिशपपद, अशा नात्यांना सार्वजनिक आशीर्वादाचे विधी, आणि दुसऱ्याच्या धर्मप्रांतात जाऊन हस्तक्षेप. पहिल्या दोन अमेरिका-कॅनडाकडून मोडल्या गेल्या, तिसरी आफ्रिकेतल्या काही प्रांतांकडून. आपल्या वाट्याची बंदी कोणी पाळली नाही, दुसऱ्याने मोडल्याची तक्रार मात्र सर्वांनी केली.

या तीनपैकी तिसरी आमच्या शहरांना सर्वांत जवळून लागते. बाहेरच्या बिशपने भारतात येऊन एखाद्या नाराज गटाला दीक्षा द्यायची, त्यातल्या कोणाला बिशप करायचे, आणि मग एका शहरात दोन बिशप, दोन धर्मप्रांत, दोन नावे. वाद सुरू होतो श्रद्धेवरून आणि पोहोचतो सात-बाराच्या उताऱ्यावर. हे आम्ही घाबरवण्यासाठी म्हणत नाही. शेजारच्या गुजरातेत काय झाले ते पाहा. फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रदरन 1970 च्या ऐक्यात सामील झाली असे मानले गेले. पण सोसायटी विसर्जित करण्याची आणि सार्वजनिक न्यासाची मालमत्ता हलवण्याची कायद्याने ठरवलेली पद्धत पाळली गेली नव्हती. दावे चालत राहिले आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ते विलीनीकरण कायदेशीर झालेच नाही. त्रेचाळीस वर्षांनी! उपासनेतले ऐक्य एका प्रार्थनेत झाले होते. कागदातले ऐक्य चार दशके कोर्टात अडकले. ज्यांना आज फुटून नवे कम्युनियन करायचे आहे त्यांनी हा हिशेब आधी करावा. जोडणे एवढे अवघड असेल तर तोडण्याने किती दावे उभे राहतील?

मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशियाही ऐक्याच्या वाटाघाटींत होती. 1970 मध्ये शेवटच्या टप्प्यावर ती बाहेर राहिली. वडोदऱ्यात आणि इतर गावांत तिची मंडळी आणि आमची मंडळी आजही वेगळी भरते. त्यांच्याशी आमचे भांडण नाही, येणेजाणे आहे. पण बिशपांच्या पातळीवर हुकलेली एक सही दोन पिढ्यांनंतरही गावात दोन दारे ठेवते, हे आम्ही दर रविवारी पाहतो.

आता कार्यपद्धतीबद्दल. 2022 च्या लॅम्बेथ परिषदेत बिशपांपुढे ठेवायच्या आवाहनांचे मसुदे परिषद उघडण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी प्रसिद्ध झाले. मतदान यंत्रावर घ्यायचे ठरले होते. परिषद चालू असतानाच ती पद्धत बदलली आणि मग सोडून दिली. अशा रीतीने झालेल्या गोष्टीला श्रद्धेचा एकत्र विचार म्हणता येत नाही. त्याआधी सुचवलेल्या, प्रांतांनी आपसात करायच्या अँग्लिकन कराराचेही तसेच. 2009 मध्ये अंतिम मसुदा आला. पहिली तीन प्रकरणे श्रद्धा, सेवा आणि परस्परसंबंधांची होती. त्यांना फारसा विरोध नव्हता. चौथ्यात वाद झाल्यास परिणाम काय, ते होते. त्यावर अडले. 2012 मध्ये खुद्द चर्च ऑफ इंग्लंडच्या 44 धर्मप्रांतांपैकी 26 नी करार नाकारला आणि तो तिथेच निवला. आमच्या मते कारण एवढेच की वाद कसा सोडवायचा हे शेवटी लिहिले आणि कोणी सोडवायचा हे धूसर ठेवले. 1970 च्या आमच्या योजनेत उलट होते: सर्वांत अवघड प्रश्न आधी काढले आणि प्रत्येकासाठी कोणाकडे जायचे ते ठरवले. म्हणून तर 41 वर्षे लागली.

भाषेचा मुद्दा राहिला. श्रद्धेची व्याख्या बदलणारे मसुदे इंग्रजीत येतात, इंग्रजीत चर्चिले जातात. आमच्या उपासना हिंदीत आणि मराठीत होतात. बाकांवर बसणाऱ्या बहुतेकांपर्यंत असा मजकूर त्यांच्या भाषेत पोहोचत नाही. सल्लागार परिषदेत ज्या प्रांताला तीन जागा आहेत तिथून एक बिशप, एक धर्मगुरू आणि एक सामान्य सभासद येतो. जागा कमी असतील तर सामान्य सभासदाला प्राधान्य. ही चांगली रचना आहे. पण तो सभासद कोणाचे मत घेऊन येतो, जर त्याच्या धर्मप्रांतातल्या लोकांनी मसुदा वाचलाच नसेल?

सगळेच नाकारतो असे नाही. सल्लागार परिषदेचे अध्यक्षपद पाच विभागांतल्या प्रांतप्रमुखांमध्ये फिरते ठेवण्याची कल्पना आम्हाला मान्य आहे. आजवर ते कँटरबरीच्या आर्चबिशपांकडे राहिले आहे. कँटरबरीचे आर्चबिशप निवडणाऱ्या आयोगात मताधिकार असलेले 17 सदस्य, त्यांपैकी 2022 पासून पाच उर्वरित कम्युनियनचे. आणि नियुक्ती इंग्लंडच्या राजाची. एवढ्या अरुंद दारातून 42 प्रांतांचा पुढारी यावा हे बरोबर नाही. फक्त एक अडचण लक्षात घ्या. आमच्याकडे जन्मभराचा प्रांतप्रमुख नसतो. सिनडची, म्हणजे मंडळीच्या सर्वोच्च सभेची, साधारण सभा तीन वर्षांनी भरते आणि मॉडरेटर, म्हणजे आमचा प्रांतप्रमुख, तेवढ्याच मुदतीसाठी निवडला जातो. फिरत्या अध्यक्षपदाची मुदत त्याहून लांब ठेवून ‘पदावर असलेला प्रांतप्रमुखच’ अशी अट घातलीत तर संयुक्त मंडळ्यांचा मॉडरेटर कागदोपत्री पात्र आणि प्रत्यक्षात अपात्र राहील.

आमच्या मागण्या या.

व्याख्येत ‘सहभागिता’ हा शब्द ठेवा. कँटरबरी हे नाव ठेवायचे की नाही यावर चर्चा होऊ शकते. पण मंडळ्यांना जोडणारी गोष्ट इतिहास म्हणू नका. इतिहासाचा उल्लेख हवाच असेल तर त्यापुढे लिहा: ‘किंवा 1888 च्या चार कलमांवर आधारलेल्या ऐक्याने’. चर्च ऑफ साउथ इंडिया, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, चर्च ऑफ पाकिस्तान आणि चर्च ऑफ बांगलादेश या चारही संयुक्त मंडळ्यांना त्यात नि:संशय जागा मिळेल.

ती चार कलमे हीच पंगतीत बसण्याची पुरेशी अट आहे, असे दोन्ही बाजूंनी लेखी मान्य करा. जेरुसलेम निवेदन किंवा पुढे येणारा कुठलाही मजकूर कोणी स्वीकारावा, कोणी स्वीकारू नये. त्यावर बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि बदलीपत्र अडवू नका. भारतातल्या संयुक्त मंडळ्यांना ‘आमच्याकडे की त्यांच्याकडे’ असे विचारू नका.

नायसीयाचा आठवा नियम पाळा. भारतातल्या कुठल्याही धर्मप्रांतात तिथल्या बिशपांच्या संमतीवाचून दीक्षा किंवा बिशपाभिषेक करणार नाही, असे गॅफकॉनने आणि इतर सर्व प्रांतांनी जाहीर करावे. कोणाची तक्रार आलीच तर ती सिनडकडे पाठवावी.

एखाद्या प्रांताशी दीक्षेच्या पातळीवर संबंध थांबवण्याची वेळ आलीच, तरी त्या प्रांतातल्या सामान्य सभासदाचा बाप्तिस्मा आणि मेजावरची जागा अबाधित राहील, हे व्याख्येच्या खाली स्पष्ट कलम म्हणून घाला. थांबवलेला संबंध पुन्हा जोडण्यासाठी किती वर्षांनी, कोणी बसायचे हेही त्यातच लिहा.

फिरत्या अध्यक्षपदासाठी निवडलेल्या व्यक्तीची मॉडरेटरपदाची मुदत संपली तरी तिला अध्यक्षपद पूर्ण करता यावे, अशी तरतूद करा.

आणि बेलफास्टला या व्याख्येवर अंतिम मत घेऊ नका. मसुदा प्रांतांकडे पाठवा, किमान एक वर्षाची मुदत द्या, आणि प्रत्येक प्रांताच्या उपासनेच्या भाषेत तो उपलब्ध झाल्यावरच ती मुदत मोजायला लागा. धर्मप्रांतांच्या कौन्सिलांत त्यावर चर्चा होऊन लेखी मत येऊ दे.

मराठी तर्जुमा करायला आम्ही तयार आहोत. नैरोबी-कैरो प्रस्ताव आणि जेरुसलेम निवेदन, दोन्ही शेजारी ठेवून, समान अक्षरांत, एकाही शब्दाचा कल न ठेवता. तो तपासायला दोन्ही बाजूंनी एकेक धर्मगुरू द्यावा, एवढीच विनंती.

आपले,
इंदूर येथील चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे काही मराठीभाषी सभासद